पडद्यावरचा रंग आणि ताग्यावरचा रंग

कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक आणि कापड यांच्यामध्ये आता काच आली आहे. पूर्वी दुकानात टीव्ही असेच तर क्रिकेटच्या सामन्यासाठी. आज तोच टीव्ही माल दाखवण्यासाठी भिंतीवर लागला आहे. सुरत, इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथून नव्या डिझाइनचे फोटो सकाळी मोबाईलवर येतात, दुपारपर्यंत ते मोठ्या पडद्यावर फिरतात आणि संध्याकाळी ऑर्डर जाते. कापडाला कोणाचा हात लागलेला नसतो. या पद्धतीला माझा विरोध नाही. तिने भाडे, हमाली आणि फेऱ्या वाचवल्या आहेत. माझी तक्रार एवढीच की ज्या पडद्यावर आपण हजारो रुपयांचा सौदा करतो, त्याचा रंग खरा आहे की खोटा हे तपासण्याची तसदी शंभरात चार दुकानदारही घेत नसावेत.

आपल्या दुकानातील मीटरपट्टीवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. पट्टी चार सुताने कमी निघाली तर आपल्याला लाज वाटते, दंडाचीही भीती असते. टीव्हीवर असा शिक्का कोणी मारत नाही. कारखान्यातून तो ज्या सेटिंगवर निघतो, त्या सेटिंगवर तो घरात आणि दुकानात वर्षानुवर्षे चालतो. आणि ते सेटिंग तुमच्या सोयीसाठी लावलेलेच नसते. विक्रीच्या शोरूममध्ये डोक्यावर झगझगीत दिवे असतात आणि एका भिंतीवर वीस संच शेजारी शेजारी लटकलेले असतात. त्या गर्दीत आपला संच उठून दिसावा म्हणून प्रकाश, रंग, निळसरपणा हे सगळे वाढवून ठेवलेले असते. संच पहिल्यांदा चालू करताना तो विचारतो, घरासाठी की दुकानासाठी. आपले लोक कापडाचे दुकान आहे म्हणून बेधडक 'दुकान' दाबतात! ते 'दुकान' म्हणजे टीव्ही विकणाऱ्याचे दुकान. पुष्कळ संचांत त्या पर्यायात तुम्ही केलेला बदल काही मिनिटांनी आपोआप पुसला जातो आणि भडकपणा पुन्हा येतो. म्हणून कापडाच्या दुकानातही 'घर' हाच पर्याय घ्यावा.

याचे नुकसान कोणाला होते ते पाहा. गेल्या लग्नसराईत एका ठोक व्यापाऱ्याने दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर राणी रंगाची एक छटा पसंत केली आणि रंगाऱ्याला तोच फोटो पाठवून दिला. रंगाऱ्याने आपल्या मोबाईलवर जे दिसले त्याप्रमाणे लॉट रंगवला. माल आला तो व्यापाऱ्याला फिका वाटला. तो मूळ नमुन्याशी जुळत होता. जुळत नव्हता तो फक्त व्यापाऱ्याच्या टीव्हीशी. तरी बिलातून कपात झाली ती रंगाऱ्याच्या. दुकानदाराने दलालाला धरले, दलालाने रंगाऱ्याला, आणि रंगाऱ्याच्या खाली धरायला कोणी नव्हते, म्हणून हिशेब तेथे संपला. असे किस्से प्रत्येक बाजारात घडतात. टीव्हीचा भडकपणा व्यापाऱ्याचा आणि त्याची किंमत कारागिराची, हा कोठला इन्साफ?

टीव्ही असावा की नसावा हा आपल्या समाजातला जुना मसला आहे. १९७२ साली २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हापासून तो चालू आहे आणि येथे मी त्यात शिरत नाही. दुकानात जो पडदा माल दाखवायला लागला आहे, तो व्यापाराचे साधन झाला. आणि व्यापाराच्या साधनाविषयी आपल्या दीनचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने पाऊस लागल्याचे कारण सांगितले. त्यावर ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वरच का ठेवले नाही, असे त्याला विचारण्यात आले. ही हदीस आपल्याकडे मकतबातल्या मुलालाही ठाऊक असते. इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरात कापडाचेच व्यापारी होते. भागीदाराने ऐब न सांगता एक कापड विकले, तेव्हा त्यांनी त्या मालाची सारी रक्कम खैरात केली असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. हनफी फिक्हमध्ये 'खियारे रूयत' नावाचा हक्कच आहे. न पाहता घेतलेली वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यावर सौदा ठेवायचा की मोडायचा हे गिऱ्हाईकाने ठरवावे. कोकणातील आपले शाफई बांधव न पाहिलेल्या मालाबाबत याहूनही कडक आहेत. आता प्रश्न असा, की भडक पडद्यावर दाखवलेला रंग हा पाहिलेला माल समजायचा की न पाहिलेला? निर्णय उलेमांनी द्यावा. व्यापारी म्हणून माझे मत विचाराल तर तो न पाहिलेलाच माल आहे. 'टीव्हीवर तुम्हीच पसंत केला होता' असे म्हणून गिऱ्हाईकाचे तोंड बंद करणे मला रास्त वाटत नाही.

असो. आता सेटिंगकडे वळू. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. कापडाची नजर असलेल्या माणसाला हे काम टीव्ही विकणाऱ्यापेक्षा चांगले जमते.

प्रथम 'पिक्चर मोड' उघडावा. तेथे विव्हिड किंवा डायनॅमिक असे जे नाव असेल ते सोडावे आणि सिनेमा किंवा मूव्ही हा पर्याय घ्यावा. चित्रपट बनवणाऱ्यांचीही टीव्हीविषयी हीच तक्रार होती, की आम्ही बनवतो एक आणि घरात दिसते दुसरेच. त्यातूनच २०१९ साली टीव्ही कंपन्यांच्या साथीने 'फिल्ममेकर मोड' नावाचा पर्याय जाहीर झाला. आपल्या संचात तो असेल तर तोच घ्यावा. पहिल्या दिवशी चित्र पिवळट आणि मेल्यासारखे वाटेल. घाबरू नये. डोळ्यांना भडकपणाची सवय झालेली असते, ती दोन-चार दिवसांत जाते.

हा पिवळटपणा का वाटतो हे धोब्याला बरोबर कळेल. पांढरे कापड धुऊन त्याला नीळ देतात, गिरणीत टिनोपॉलसारखी चमक देतात, तेव्हा ते 'जास्त पांढरे' दिसते. खरे तर ते निळसर झालेले असते. टीव्ही कंपनीही हीच नीळ देते. सेटिंगमध्ये 'कलर टेंपरेचर' असते, त्यात कूल म्हणजे नीळ दिलेला पांढरा आणि वॉर्म म्हणजे बिननिळीचा. टीव्हीच्या चित्रांसाठी जगभर जो पांढरा प्रमाण मानतात तो सुमारे ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा. कारखान्याचा कूल त्याहून बराच वर असतो. म्हणून वॉर्म घ्यावे. कूलवर बदामी रंग राखाडी होतो, केशरी गुलाबीकडे झुकतो आणि मेहंदी रंग तर ओळखूच येत नाही.

यानंतर ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट. या दोन शब्दांनी जितका घोळ घातला आहे तितका दुसऱ्या कशाने घातला नसेल. आजच्या एलईडी संचात पडद्यामागे दिव्यांचा उजेड असतो, त्याचे नाव बॅकलाइट. चित्र एकंदर अंधुक वाटले तर बॅकलाइट वाढवावी. ब्राइटनेस हे नाव बहुतेक संचांत काळा रंग किती काळा दिसावा यासाठी असते. काही कंपन्यांनी मात्र बॅकलाइटलाच ब्राइटनेस म्हटले आहे आणि काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल' हे वेगळे नाव दिले आहे. तेव्हा नावावर न जाता परिणाम पाहावा.

यासाठी बुरख्याच्या कापडाइतका चांगला नमुना नाही. काळ्या नीदाचा चुण्या घातलेला एक फोटो दिवसाच्या उजेडात काढावा आणि पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर लावावा. ब्राइटनेस कमी करत गेलात की एक वेळ अशी येते की चुण्या बुडतात आणि नुसता काळा डाग उरतो. वाढवत गेलात की चुण्या दिसतात, पण काळा रंग धुराड्यासारखा करडा होतो. चुण्या दिसतात आणि काळा काळाच राहतो, त्या दोहोंमधल्या जागी थांबावे. कॉन्ट्रास्टसाठी पांढरा चिकनचा कुर्ता घ्यावा. कॉन्ट्रास्ट चढवत जावे. भरतकामाचा टाका जेथे पांढऱ्यात विरघळू लागेल तेथून दोन पावले मागे यावे. काळ्या कापडाचे दहा प्रकार नुसत्या नजरेने सांगणारे व्यापारी आपल्यात आहेत. त्यांना हे काम दहा मिनिटांचे आहे.

'कलर' ही पट्टी साधारण मधोमध असावी. माणसाच्या चेहऱ्यावर ताप चढल्यासारखी लाली दिसली तर ती जास्त आहे असे समजावे. 'टिंट'ला हात लावू नये.

शार्पनेसविषयी जरा थांबून सांगतो, कारण साडी विकणाऱ्यांना हाच सर्वांत जास्त फसवतो. शार्पनेस वाढवल्याने कापडातला एकही नवा धागा दिसत नाही. संच फक्त प्रत्येक कडेभोवती पांढरी रेघ ओढतो. त्यामुळे साध्या प्लास्टिकच्या जरीला सोन्याची चमक येते आणि विरळ विणीचे कापड घट्ट दिसते. कच्चा माल पक्का दाखवणारे हे बटण आहे! ते खाली आणावे. बहुतेक संचांत शून्याजवळ, काहींत मध्याच्या आसपास चित्र स्वाभाविक दिसते. अक्षरांच्या कडेची पांढरी सावली नाहीशी झाली की बस.

त्याच यादीत डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सर हेही असतात. माल दाखवताना हे सगळे बंद ठेवावेत, नाहीतर एकच साडी सकाळी एक दिसते आणि दिवेलागणीला दुसरी. हालचाल गुळगुळीत करणारी सोय सामना पाहायला चालेल; कापडाला तिचा उपयोग नाही. 'पिक्चर साइज' मात्र जरूर पाहावा. पुष्कळ संच चित्र थोडे ताणून चारी बाजूंनी कापतात आणि साडीचा काठच पडद्याबाहेर जातो. जस्ट स्कॅन, ओरिजिनल, स्क्रीन फिट अशी नावे असतात, त्यातले योग्य निवडावे.

एक सावधगिरी. एखादे कापड हातात धरून पडद्यावरचा त्याचा फोटो त्याच्याशी हुबेहूब जुळेपर्यंत पट्ट्या फिरवू नयेत. तसे केल्याने ते एक कापड जुळेल आणि बाकीचे पन्नास बिघडतील. फोटोतलाच रंग चुकलेला असू शकतो. टीव्ही सरळ लावावा, आणि मग फोटो सरळ काढायला शिकावे.

फोटोचा दोषही लहान नाही. मोबाईलचा कॅमेरा पांढरे काय आहे याचा स्वतः अंदाज बांधतो. संपूर्ण चौकटीत एकच डाळिंबी कापड भरले तर तो गोंधळतो आणि लाली कमी करून टाकतो. म्हणून कापडाच्या कडेला साधा पांढरा कागद ठेवावा आणि उजेड दिवसाचा पण सावलीतला असावा. पाहणाऱ्यालाही त्या कागदावरून समजते की फोटो पिवळा आला आहे की निळा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो दाबला जाऊन त्यातले बारकावे जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळचा राहतो. फोनच्या पडद्यालाही विव्हिड आणि नॅचरल असे पर्याय असतात. आणि रात्री डोळ्यांच्या आरामासाठी जो पिवळा पडदा चालू होतो, तो चालू असताना रंग पास करणे म्हणजे पिवळा चष्मा लावून कापड घेणे होय. दलाल मंडळी इशानंतर निवांत बसून शेड पास करतात, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

एवढे सगळे केले तरी टीव्ही कापडाची बरोबरी करणार नाही. गडद फिरोजी आणि मोरपिशी रंगांच्या काही छटा साध्या टीव्हीला दाखवताच येत नाहीत. चमकणारे निऑन रंग, मखमलीची हाताने फिरणारी छाया, जरीची खरी झाक यांचेही तेच. स्पर्श आणि वजन तर दूरच. शिवाय कापडाचा रंग उजेडाप्रमाणे बदलतो. दोन तुकडे दुकानाच्या ट्यूबखाली जुळतात आणि उन्हात वेगळे पडतात, हा अनुभव ब्लाऊज पीस विकणाऱ्या प्रत्येकाला आहे. मोठ्या प्रोसेस हाऊसमध्ये यासाठीच वेगवेगळ्या दिव्यांची पेटी असते आणि नमुना एकापेक्षा जास्त उजेडांत पाहून मगच पास होतो. आपल्या आयाबहिणी तर पूर्वीपासून साडी घेऊन दुकानाच्या ओट्यावर उजेडात येत. त्यांना कोणी हे शास्त्र शिकवले नव्हते.

माझ्या काही व्यापारी मित्रांचे म्हणणे असे, की शेजारचा दुकानदार भडक टीव्ही लावतो, आपण फिका लावला तर माल उठणार नाही. हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही, कारण पोट प्रत्येकाला आहे. पण हिशेब पूर्ण करा. भडक पडद्यावर विकलेला माल परत येतो तेव्हा जाण्यायेण्याचे भाडे, घडी मोडलेल्या साडीचा वटाव, लग्नाची तारीख उलटून गेल्यावर पडून राहिलेला लॉट आणि तुटलेले गिऱ्हाईक हे कोणत्या खात्यात लिहिता? शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याला, जाहिरातीत दाखवलेल्या गुणांशी माल जुळत नसेल तर तो परत घेण्यास नकार देता येत नाही. म्हणजे आपण ज्याला फक्त दियानतदारीचा प्रश्न समजत होतो तो कायद्याचाही झाला आहे. आणि टीव्ही भडक ठेवायला वीजही जास्त लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

उपाय बाजाराने मिळून करण्याचा आहे. एकट्या दुकानदाराने टीव्ही नीट लावला तरी रंगाऱ्याची कपात थांबणार नाही. प्रत्येक बाजाराच्या व्यापारी संघटनेने दोन गोष्टी ठरवून टाकाव्यात. पडद्यावर पास केलेली शेड पक्की समजू नये. रंगाऱ्याने पहिल्या घाणीतला वीतभर तुकडा पाठवावा, व्यापाऱ्याने तो दिवसाच्या उजेडात पाहून त्यावर सही करावी, आणि पुढे वाद झालाच तर तो त्या तुकड्यावरून मिटवावा, फोटोवरून नव्हे. तुकडा पाठवायला कुरिअरचा एक दिवस जातो, पण लॉट परत यायला महिना जातो. दुसरी गोष्ट, ज्या गिऱ्हाईकाने माल फक्त पडद्यावर पाहिला आहे त्याला तो जांगड दिला आहे असे समजावे आणि ठरावीक दिवसांत न वापरलेला माल रंगाच्या कारणाने परत आला तर घ्यावा. जांगड हा आपल्या कापड बाजाराचा जुनाच रिवाज आहे. शब्द वेगळा, पण खियारे रूयतशी त्याचे जवळचे नाते आहे.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांनाही यात काम आहे. संच पूर्वीसारखे उघडून दुरुस्त होत नाहीत, पॅनेल गेले की नवा संच घेतात, त्यामुळे या मंडळींचा धंदा बसला आहे. त्यांनी दुकानोदुकानी जाऊन टीव्ही नीट लावून देण्याचे काम सुरू करावे आणि त्याची रास्त मजुरी घ्यावी. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची आणि रंगीत पट्ट्यांची तपासणीची चित्रे एका पेन ड्राइव्हवर ठेवली की सामान झाले. दूरदर्शन सुरू होण्याआधी पडद्यावर जी रंगीत पट्ट्यांची आकृती दिसे, ती अशाच कामासाठी होती. आपण तिच्यापुढे बसून कार्यक्रमाची वाट पाहत असू.

दुकानदारांनी काम झाल्यावर प्रत्येक पट्टीचा आकडा कागदावर लिहून तो संचाच्या मागे चिकटवावा. जो एचडीएमआय लावतो त्याच्यासाठी सेटिंग वेगळे राहते आणि पेन ड्राइव्हसाठी वेगळे, म्हणून दोन्हीकडचे आकडे लिहावेत. संचाचे सॉफ्टवेअर नवे झाले की कधी कधी सगळे पुसले जाते. आणि दुकानात सामना लागला की नोकरापैकी कोणीतरी रिमोट घेऊन चित्र पुन्हा विव्हिडवर नेतोच. रमजानच्या खरेदीआधी आणि लग्नसराईआधी तो कागद काढून आकडे एकदा ताडून पाहावेत.